अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर जुळले नाहीत, तर दावा कोणावर?

प्रश्न: दीड वर्षापूर्वी गाडीत बसवायला १२ इंची दोन सबवूफर (खोल बास वाजवणारे स्पीकर) मी ऑनलाइन घेतले. प्रत्येकी ३०० वॉट आरएमएस (सतत पेलणारी ताकद), दोन्हींना ४ ओहमच्या दोन-दोन कॉइल. खोक्यावरच्या लेबलचा फोटो जवळच्या कार ऑडिओच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘याला कुठला अ‍ॅम्प चालेल?’ असं विचारलं. ‘हा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प) आरामात ओढेल’ असं उत्तर आलं. तोच घेतला, फिटिंगही त्यानेच केलं. महिनाभरात अ‍ॅम्प सारखा प्रोटेक्टमध्ये जायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला. विचारलं की तो ‘गेन (अ‍ॅम्पवरची सिग्नलची पातळी) कमी ठेवा’ म्हणायचा. गेल्या महिन्यात एका वूफरची कॉइल जळली. दुकानदार म्हणतो वूफर माझे नाहीत, कंपनी म्हणते अ‍ॅम्प ठीक आहे. बिल कच्चं आहे. कंपनीवर ‘सदोष माल’ म्हणून केस करू का? जळलेला वूफर रिवाइंडिंगला द्यायचा आहे.

उत्तर: वूफर कुठेही देऊ नका. तो, अ‍ॅम्प आणि आत्ताची वायरिंग आहे तशी राहू द्या. काही काढण्याआधी टर्मिनलजवळून स्पष्ट फोटो घ्या, कुठली तार कुठे गेली आहे ते दिसलं पाहिजे. अशा प्रकरणात लोक आधी दुसऱ्या मेकॅनिककडून सगळं उघडून घेतात आणि मग वकिलाकडे येतात. तोवर दाखवायला काही उरलेलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. ‘सदोष माल’ हे शब्द तक्रारीत घातले तर तुमची केस तिथेच संपू शकते. तुमच्या अ‍ॅम्पच्या माहितीपुस्तिकेत किमान भार २ ओहम लिहिला आहे, म्हणजे त्याहून कमी रोध त्याला जोडायचा नाही. प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम होतात, आणि असे दोन वूफर पुन्हा समांतर जोडले की १ ओहम. दुकानदाराने नेमकं हेच केलेलं दिसतं. १ ओहमवर अ‍ॅम्प झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतो, तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणजे प्रोटेक्ट हा बिघाड नव्हता, अ‍ॅम्प त्याचं काम करत होता. ग्राहक आयोगाने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ खाली तो प्रयोगशाळेत पाठवला, तर २ ओहमवर तो ठणठणीत चालेल. अहवाल तुमच्या विरुद्ध आणि कंपनी मोकळी.

अ‍ॅम्पही चांगला, वूफरही चांगले, चुकली ती निवड. म्हणून तुमचा दावा उभा राहतो तो मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ वर. वस्तू कशासाठी हवी आहे हे ग्राहकाने विक्रेत्याला सांगितलं असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असावी अशी अट कायदाच गृहीत धरतो. त्याच कलमाला परंतुक आहे: ग्राहकाने विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागून घेतली असेल, तर ही अट लागू होत नाही. निवड कोणाची होती, एवढ्यावर तुमचं सगळं प्रकरण ठरणार आहे. इन्व्हर्टर आणि बॅटरी, पंप आणि स्टार्टर अशा जोड्यांबद्दल जे इतके प्रश्न येतात, त्यातही बहुतेक वेळा याच मुद्द्यावर निकाल फिरतो.

तुमच्याकडे लेबलचा फोटो, तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर लेखी आहे. बिलापेक्षा हे संभाषण मोलाचं आहे. त्यात तुम्ही आधी कुठे ‘मला अमुक मॉडेलच हवा’ असं लिहून ठेवलेलं नाही ना, ते मात्र नीट पाहा. नुसते स्क्रीनशॉट पुरेसे समजू नका. पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, फोन जपा आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडा. आयोगात पुराव्याचे नियम सैल असतात, पण समोरचा वकील हरकत घेतोच.

दुकानदार म्हणेल, तुम्ही गेन आणि बास बूस्ट वाढवला म्हणून कॉइल जळली. कॉइलबाबत हा बचाव काही अंशी टिकू शकतो, त्यामुळे त्या रकमेची खात्री मी देणार नाही. पण निवडीच्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. या दोन वूफरच्या चारही कॉइल सारख्या प्रमाणात वापरल्या तर १, ४ किंवा १६ ओहम मिळतात, २ ओहम निघतच नाही. ४ ओहमवर जोडलं असतं तर अ‍ॅम्प सुरक्षित राहिला असता, पण २ ओहमवरची पूर्ण ताकद या वूफरना कधीच मिळाली नसती. विकला त्या दिवशीच तो या जोडीला चुकीचा होता. एखाद्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याकडून एवढंच एका पानावर लिहून, सही घेऊन ठेवा. चुकीची जोडणी ही सेवेतली त्रुटी म्हणून वेगळी मांडा.

कच्च्या बिलाबद्दल तुम्हाला बोलावंच लागेल. इतके पैसे मोजताना पक्कं बिल मागायला काय हरकत होती? बिल न देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा दोष त्याचाही आहे. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा काढा, खरेदी सिद्ध व्हायला अडचण येऊ नये.

तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची, त्याच अधिनियमाचं कलम ६९. ती कॉइल जळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे हातात सहा महिने आहेत. ‘बघतो, करून देतो’ अशा फोनवरच्या आश्वासनांनी मुदत वाढत नाही, १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवूनही नाही. पहिल्या महिन्यात एक लेखी तक्रार केली असती तर आज तुमची बाजू दुप्पट भक्कम असती.

केस जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालेल. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्याने फी नाही. मुख्य विरुद्ध पक्ष दुकानदार. कंपनीला जोडायचं की नाही हे कागद पाहून ठरवावं लागेल. गाडी टुरिस्ट परवान्याची असेल तर आधी कळवा, ‘ग्राहक’ या व्याख्येचा वाद निघू शकतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल, चाचणी लागल्यास पाच, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगांमधल्या रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, आणि तरीही तारखांवर तारखा पडतातच. सामान्य माणसाने काही हजारांसाठी इतकं थांबावं, हे मला आजही पटत नाही.

म्हणून आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. ती सक्तीची नाही, पण अनेकदा मिटतं तिथेच. अ‍ॅम्पची किंमत, फिटिंगची मजुरी आणि वूफरची किंमत असे तीन आकडे वेगवेगळे लिहा, पंधरा दिवस द्या. त्याने १ ओहमवर चालणारा, ६०० वॉट आरएमएसचा मोनोब्लॉक बदलून देण्याची तयारी दाखवली तर माझ्या मते घ्या. खोक्यावरचा मोठा ‘मॅक्स’ आकडा पाहू नका, १ ओहमवरचा आरएमएस आकडा पाहा. आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर ‘पूर्ण समझोता’ असे शब्द असतील, तर वूफरचे पैसे त्यात लिहिल्याशिवाय सही करू नका.