चेहरा फोडण्याआधी तो नीट बघ

तुझं आत्मचित्र पाहिलं. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, अशा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मुलीची ओळख तुला क्युबिझममधून, म्हणजे एकच गोष्ट अनेक बाजूंनी एकाच चित्रात दाखवण्याच्या शैलीतून मांडायची आहे, हे फार आवडलं. पण तू आधी सरळ चेहरा काढलास आणि मग त्यावर पट्टीने रेघा मारल्यास. त्याने चेहरा तडकलेल्या काचेसारखा दिसतो, बाकी काही होत नाही.

दोन आरसे काटकोनात ठेव. समोरून डोळा, बाजूने नाक, वरून खांदा अशी निदान वीस-पंचवीस रेखाटनं कर. मग ती एकाच कॅनव्हासवर आण. प्रत्येक आकाराची एखादी कड मोकळी सोड, म्हणजे गाल मागच्या भिंतीत सहज मिसळेल. खरी गंमत तिथेच आहे! तुझ्या चित्रात आजीच्या नऊवारीचा काठ कानाजवळ संपतो. तो तसाच पुढे नेऊन केसांची बट होऊ दे.

रंग थोडे घे. क्युबिझम सुरू करणाऱ्या पिकासो आणि ब्राक यांनी १९१०-११च्या सुमारास तपकिरी-करड्यातच बरंचसं काम केलं, कारण रंग भडक झाला की रचना दिसेनाशी होते. यलो ऑकर, बर्न्ट अंबर, काळा, पांढरा, एवढे पुरेत.

स्पॅनिश क्युबिस्ट चित्रकार मारिया ब्लांशार्डची चित्रं जरूर बघ. आणि आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे: इंदूरचे, १९५०पासून बडोद्याच्या फाईन आर्ट्समध्ये शिकवायचे. क्युबिझम त्यांनी इथल्या माणसांना कसा लावला ते बारकाईने पाहा.

नथ मात्र चित्रात ठेवू नकोस. नुसती ओळख पटावी म्हणून ती घातली आहेस, असं मला वाटतं. तू स्वतः घालतेस का?