बोटांच्या बेचक्यातलं कुरूप आणि मधुमेह

प्रश्न : माझी आई 63 वर्षांची आहे, मधुमेह बराच जुना. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कुरूप झालंय. चालताना ठणकतं. ती ब्लेडने तासते, पण ते पुन्हा येतं. औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावू का?

उत्तर : पट्टी लावू नका, आणि ते ब्लेड आजच घरातून काढून टाका. या पट्ट्यांमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं, बऱ्याचदा 40 टक्के. कुरूप कुठे संपतं आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. बेचक्यातली कातडी मुळात नाजूक, त्यात घामाने भिजलेली. तिथे भाजल्यासारखी जखम होते. पायाची संवेदना मंदावली असेल तर ती होताना जाणवत नाही, रक्तपुरवठा कमी असेल तर भरत नाही. मी पायाच्या जखमांचं ड्रेसिंग करते. बोट गमावलेल्यांना सुरुवात कशी झाली हे विचारलं की घरी काहीतरी तासलेलं किंवा चिकटवलेलं असल्याचं अनेकदा निघतं. म्हणून इतकं ठासून सांगतेय.

पुन्हा येतं, कारण दाब तसाच आहे. पुढे निमुळत्या पादत्राणात करंगळीचं हाड शेजारच्या बोटाच्या हाडावर घासतं आणि मधली कातडी जाड होते. आईंना कागदावर उभं करून पावलाची कड पेन्सिलीने काढा, त्यावर त्यांचं पादत्राण ठेवा. रेघ बाहेर दिसली तर ते बदला. नवं संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

बेचक्यातलं कुरूप ओलाव्याने पांढरट, मऊ पडतं, त्यामुळे लोक चिखल्या समजून मलम लावत बसतात. चिखल्यांना सहसा खाज असते आणि त्या पसरतात. कुरूप एकाच ठिकाणी असतं आणि दाबलं की कळ येते. दोन्ही एकत्रही असू शकतं, तेव्हा निदान डॉक्टरांवरच सोडा. ते 10 ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना तपासतील, पायाची नाडी बघतील. मग कुरूप कुशल हातांनीच तासून घ्यायचं.

तोवर अंघोळीनंतर बेचकं मऊ कापडाने टिपून कोरडं करा. क्रीम टाचेला चालेल, बेचक्यात नको. गरम पाण्यात पाय बुडवून बसणंही नको. दोन बोटांच्या मध्ये ठेवायचा सिलिकॉनचा बोट-विलगक डॉक्टरांना विचारून घ्या; घट्ट बसला तर तोच रक्तप्रवाह अडवतो.

आईंना दुखतंय, म्हणजे निदान संवेदना शिल्लक आहे. कुरूप तसंच असताना दुखणं थांबलं तर निर्धास्त होऊ नका, उलट लवकर दाखवा. आणि कुरुपाखाली काळपट-तपकिरी डाग, पाणी, वास, बोटावर लाली किंवा सूज दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.