अल पचिनोसाठी ‘पॅटर्नो’ बघावा का?

अल पचिनो आवडतो आणि खेळावरचे सिनेमेही आवडतात, मग ‘पॅटर्नो’ बघू का, असं तुम्ही विचारलंय. या दोन कारणांसाठी बघणार असाल तर राहू द्या. खेळ सुरुवातीलाच उरकतो, आणि पचिनोला बराचसा वेळ भांबावलेला म्हातारा करून बसवलंय.

मी मात्र मोठ्या आशेनं बसलो होतो. एचबीओचा सिनेमा (२०१८), दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन आणि मूळ घटनाच अंगावर येणारी. जो पॅटर्नो हा अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा (हातात चेंडू घेऊन पळतात तो फुटबॉल) ४६ सीझन मुख्य कोच. ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस त्यानं ४०९वी मॅच जिंकली. बरोबर आठवड्यानं त्याचा जुना असिस्टंट जेरी सँडस्की याला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ९ नोव्हेंबरच्या रात्री विद्यापीठानं पॅटर्नोला फोनवरून काढून टाकलं. जानेवारीत तो कॅन्सरनं गेलासुद्धा.

सिनेमा या नोव्हेंबरमध्येच घुटमळतो. कोच एमआरआयच्या मशीनमध्ये पडलाय आणि त्याला तुटक तुटक आठवतंय, अशी रचना. घरचे आरोपपत्र वाचा म्हणून मागे लागलेत आणि याच्या डोक्यात नेब्रास्काविरुद्धची मॅच. दिसायला छान आहे हे. पण ८४ वर्षांचा थकलेला माणूस दाखवला की आपल्याला त्याची कीव येते, आणि मुद्दा तिथेच निसटतो. कारण खरा प्रश्न २००१ चा आहे. तेव्हा माइक मॅक्वेरी या ज्युनियर कोचनं सँडस्कीला एका मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नोचं घर गाठून त्याला सांगितलं. पॅटर्नोनं ते वर कळवलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. पुढे चौकशीत क्रीडा संचालक टिम कर्लीचा २००१ च्याच फेब्रुवारीतला एक ईमेल बाहेर आला: काय करायचं हे ठरलं होतं, पण ‘जो’शी बोलल्यावर आता ते बरोबर वाटत नाही, अशा अर्थाचा. तेव्हाचा पॅटर्नो ७४ वर्षांचा होता, संघाचा पूर्ण कारभार हाकत होता. काय बोलला असेल तो कर्लीशी? मला त्या माणसावरचा सिनेमा बघायचा होता. एमआरआयमधल्या म्हाताऱ्यावर सगळा धूसरपणा ढकलून दिला की लेखकाला काही ठरवावंच लागत नाही.

रायली कीओ मात्र बघण्यासारखी आहे. ती सारा गॅनिम झालीय, हॅरिसबर्गच्या ‘पेट्रियट-न्यूज’ची बातमीदार. गॅनिमनं हे प्रकरण अटकेच्या कितीतरी आधी छापलं होतं, तेव्हा फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चोविसाव्या वर्षी तिला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तिचे प्रसंग आले की सिनेमात जीव येतो, मग पुन्हा आपण कोचच्या दिवाणखान्यात.

(पुढची ओळ वाचल्यावर शेवट कळेल.) अगदी शेवटी गॅनिमला एका माणसाचा फोन येतो: मी हे पॅटर्नोला सांगितलं होतं, १९७६ साली. आणि सिनेमा संपून पडद्यावर श्रेयनामावली सुरू होते. मी रिमोट हातात धरून तसाच बसलो, अजून पाच मिनिटं तरी असतील म्हणून.