बाइक ट्रेल, पायवाट आणि कुणाच्या 'नावे'?

एका वाचकाचा प्रश्न आहे : प्रवासलेखाच्या अनुवादात लॉस एंजेलिसमधली 'मार्विन ब्राउडी बाइक ट्रेल' आली आहे. तिचे 'स्थानिक राजकारणी मार्विन ब्राउडी यांच्या नावे केलेली स्मृतीपायवाट' असे केले, तर चालेल का?

'पायवाट' नको. पायवाट कुणी बांधत नाही, ती पडते आणि पावलांनी मळते. ही तर विल रॉजर्स बीचपासून टॉरन्सपर्यंत समुद्राकाठाने गेलेली सुमारे ३५ किलोमीटरची पक्की वाट आहे. 'बाइक'ही ठेवू नका, नाहीतर मराठी वाचक तिथे फटफटी पळवील. आपल्या बाइकला इंजिन असते. पायडल मारायची ती सायकल. बोलताना सगळे 'सायकल ट्रॅक' म्हणतात, पण ट्रॅक म्हटले की धावपटूंचाही आठवतो आणि रेल्वेचाही. मी 'सायकलमार्ग' लिहीन.

'स्मृती'चे दुखणे वेगळे. समासात पहिले पद आले की ती ऱ्हस्व होते : स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह. पण मूळ नावात 'मेमोरियल' नाहीच, मग आपण पदरचे का घालावे? (त्याच ओघात 'कै.'ही येईल, तो मोह आवरा.) कुणी 'स्मृतिपथ' सुचवील, तर तो शब्द 'दृष्टिपथा'च्या जातीचा. दृष्टिपथात येणे म्हणजे नजरेच्या टप्प्यात येणे. स्मृतिपथावरून सायकल चालवता येत नाही.

'राजकारणी' शब्दाला मराठीत एक वास आहे, 'पुढारी'लाही. ब्राउडी १९६५ ते १९९७ लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेत निवडून आलेले सदस्य होते. किनाऱ्यावर तेलविहिरी नकोत, सार्वजनिक जागी धूम्रपान नको, सायकलींसाठी वाटा हव्यात, असे विषय त्यांनी लावून धरले. सरळ 'नगरसेवक' लिहा.

राहिले 'नावे'. घर बायकोच्या नावे करतात, सातबारा मुलाच्या नावे चढतो. 'ब्राउडींच्या नावे केलेला मार्ग' वाचून माणसाने सार्वजनिक जमीन लाटली की काय, असे वाटेल! 'नावाने' लिहिले तर मालकीचा घोळ मिटतो, पण लोक कुणाच्या तरी नावाने खडेही फोडतात. त्यापेक्षा क्रियापदच बदलावे : 'या सायकलमार्गाला नगरसेवक मार्विन ब्राउडी यांचे नाव दिले आहे.'