जळका वास, घरघर आणि तापलेलं ऑइल : कॅरव्हॅन ओढणाऱ्या यूटबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑस्ट्रेलियातल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी यंदा गिअरबॉक्स आणि क्लचचीच पत्रं जास्त. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत. (यूट म्हणजे मागे हौदा असलेली पिकअप, कॅरव्हॅन म्हणजे तिच्यामागे जोडून ओढायचं फिरतं घर.)

प्रश्न : आमची डिझेल ड्युअल कॅब यूट मॅन्युअल आहे, ९५ हजार किलोमीटर झालेत. कॅरव्हॅन २.४ टनांची. घराचा ड्राइव्हवे चढाचा असल्याने कॅरव्हॅन मागे घेताना जळका वास यायचा. आता हायवेवर चढ लागला की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वाढतात, वेग वाढत नाही. मेकॅनिक म्हणतो फ्लायव्हीलसकट (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) सगळं बदला. खरंच गरज आहे की बिल फुगवतोय? (मेलबर्न)

क्लच घसरतोय, यात शंका नको. खात्री करायची तर कॅरव्हॅन न जोडता, मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ७०च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा एकदम उसळला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच प्लेट संपली. हायड्रॉलिक क्लचला केबलसारखं ॲडजस्टमेंट नसतं, त्यामुळे पेडलशी खेळून काही साधणार नाही.

क्लच मेला तो हायवेवर नाही, तुमच्या ड्राइव्हवेत. हिशेब करून पाहा. इंजिन ८०० आरपीएमवर आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडला, तर अशी यूट ताशी सात-आठ किलोमीटरने मागे जाते. कॅरव्हॅन गेटातून आत घ्यायला तुम्हाला हवा असतो ताशी दोनचा वेग. मधला सगळा फरक हाफ क्लचवर जातो, तोही अडीच टन चढावर ढकलताना. पाच मिनिटांच्या या कसरतीत प्लेट जितकी झिजते तितकी हजारो किलोमीटर हायवेवर झिजत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लो रेंज लावा. वेग अडीच पटींनी कमी होतो, म्हणजे क्लच पूर्ण सोडूनही गाडी ताशी तीनने सरकते. मात्र पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात. कोरड्या काँक्रीटवर स्टिअरिंग वळवलं की सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर येतो, गाडी आखडल्यासारखी वाटते. खडी, गवत, माती असेल तर बिनधास्त; काँक्रीटवर फक्त सरळ रेषेत आणि थोडंसंच.

आता फ्लायव्हील. तुमच्या यूटमध्ये बहुधा ड्युअल मास फ्लायव्हील आहे : दोन जड चकत्या आणि मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या स्प्रिंगा. डिझेलचे झटके त्या स्प्रिंगा गिळतात. क्लच वारंवार तापला की ते ग्रीस सुकतं आणि स्प्रिंगा ढिल्या पडतात. इंजिन बंद करताना ‘खडाड्’ असा आवाज, आयडलला खडखड, गाडी सुटताना थरथर ही त्याची लक्षणं. गिअरबॉक्स उतरवल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा : पृष्ठभागावर निळे डाग आहेत का, आणि दोन चकत्या एकमेकींवर किती डुलतात. डुलण्याची मर्यादा बनवणाऱ्याने दिलेली असते. तेवढं पाहिल्यावर मेकॅनिकवर संशय घ्यायचं कारण उरत नाही.

सॉलिड फ्लायव्हीलचं किट स्वस्त पडतं आणि उष्णता जास्त सोसतं. पण मग इंजिनचे झटके थेट गिअरबॉक्सवर जातात, आयडलला खडखडही ऐकू येते. वर्षातून दोनदा कॅरव्हॅन ओढणाऱ्याने मूळचंच बसवावं. वर्षातले चार-सहा महिने रस्त्यावर असणाऱ्यांनी चांगल्या कंपनीच्या सॉलिड किटचा विचार करायला हरकत नाही.

गिअरबॉक्स एकदा खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, स्पिगॉट बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या आत बसणारा स्लेव्ह सिलिंडर हे सगळं एकदमच बदला. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही. मजुरी उतरवण्या-चढवण्याचीच असते, पार्टाची नव्हे. नंतरचे ८०० ते १,००० किलोमीटर गाडी कॅरव्हॅनशिवाय, शहरात चालवा. प्लेट नीट बसायला तेवढं लागतं.

प्रश्न : जुनी पाच गिअरची डिझेल यूट. कॅरव्हॅन मागे असताना पाचव्यात घरघर येते, कधी गिअर सुटून न्यूट्रलला येतो. चौथ्यात एकदम शांत. (ॲडलेड)

चौथ्यात शांत, हाच धागा धरा. अशा गिअरबॉक्सच्या पेटीत चौथा गिअर १:१ असतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट थेट जोडले जातात आणि खालच्या लेशाफ्टवर (त्यांना समांतर फिरणारा शाफ्ट) भार जवळजवळ येतच नाही. पाचवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, बाहेरचा शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरवणारा गिअर : सगळी ताकद लेशाफ्टमधून फिरून, एका लहान गिअरच्या दातांवरून पुढे जाते. बऱ्याच पेट्यांत ही जोडी अगदी मागे, मुख्य खोक्याबाहेर बसवलेली असते, तिथे ऑइलही कमी पोचतं. त्यात आपण इंधन वाचवायचं म्हणून १,६०० आरपीएमवर पाचव्यात ॲक्सिलरेटर दाबून धरतो. इंधनाचे वाचलेले पैसे गिअरबॉक्सवाल्याला जातात, दामदुप्पट.

आधी ऑइल पाहा. भरायचा प्लग आधी सैल करा, मगच खालचा काढा. भरायचा प्लग उघडला नाही आणि ऑइल मात्र जमिनीवर, ही फजिती नेहमीची. ऑइल भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत हवं. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच. ऑइलमध्ये पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा (गिअर पडताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजताहेत. बोटात टोचणारे तुकडे मिळाले तर दात किंवा बेअरिंग, पेटी उघडावीच लागेल. गिअर सुटतो आहे म्हणजे तुमच्या बाबतीत तीच शक्यता जास्त.

आवाजावरूनही बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये क्लचचं पेडल वर असताना घरघर आणि दाबल्यावर बंद, तर इनपुट शाफ्टचं किंवा लेशाफ्टचं बेअरिंग. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू, तर रिलीज बेअरिंग.

दुरुस्तीनंतर ओढताना चौथ्यातच राहा. ९०च्या वेगाला साधारण २,७०० आरपीएम पडतील, डिझेलला त्यात काही त्रास नाही. सहा गिअरच्या पेटीत १:१ चा गिअर कोणता ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघा. काहींत पाचवा असतो, काहींत चौथाच.

प्रश्न : दुकानात जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल नव्हतं, जीएल-५ दिलं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये चालेल का?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच. जीएल-५ डिफरन्शिअलसाठी (चाकांच्या ॲक्सलमधली गिअरची पेटी) बनवतात. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, आणि ऑइल जास्त निसरडं असल्याने सिंक्रो पकडही घेत नाही. गिअर पडताना करकर सुरू होईल.

प्रश्न : ऑटोमॅटिक यूट. कॅनबेराहून बेटमन्स बेला गेलो होतो, परतताना क्लाइड माउंटनच्या चढावर ऑटोच्या ऑइलचं तापमान ११८ अंश दिसलं. डीलर म्हणतो ऑइल आयुष्यभराचं आहे, बदलायचं नाही. (कॅनबेरा)

आयुष्यभराचं, पण कोणाच्या? गिअरबॉक्सचं आयुष्य ऑइल ठरवतं. ८० ते १०० अंश ठीक. चढावर थोडा वेळ ११०च्या वर गेलं तर घाबरू नका, १२० ओलांडलं तर थांबा. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. गिअर पार्कवर (पी) ठेवून १,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं चालू द्या, म्हणजे पंप ऑइल कूलरमधून फिरवत राहील.

उष्णता येते टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातून. त्यातला लॉक-अप क्लच लागलेला असेल तर ताकद थेट जाते. सुटला की ऑइल घुसळलं जातं आणि तापतं. डी (ड्राइव्ह)मध्ये सोडलेली गाडी चढावर वरचे गिअर शोधत बसते आणि लॉक-अप सारखा सुटतो. चढ सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये एक-दोन गिअर खाली घ्या, आरपीएम २,००० ते २,५०० ठेवा. खंडाळ्याचा घाट ज्यांनी जुन्या गाड्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको : चढायला जो गिअर, उतरायलाही तोच.

ओढणाऱ्या गाडीचं ऑइल ४० ते ६० हजार किलोमीटरवर बदला. प्लग काढून निम्म्याहून कमीच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून दोन-तीनदा काढ-घाल किंवा मशीनने बदल. लेव्हल इंजिन चालू ठेवून, माहितीपुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच तपासतात. ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेला डबा घेऊ नका.

वेगळा कूलर बसवाच. ऑटोचा मूळ कूलर रेडिएटरच्या आत असेल आणि तो आतून फुटला, तर कूलंट आणि ऑइल मिसळून स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी पाणी होतं आणि आतल्या क्लचचं अस्तर सुटतं. तसा रंग दिसला तर गाडी पुढे चालवू नका, टो ट्रक बोलवा.

प्रश्न : ब्रोशरमध्ये ओढायची क्षमता ३,५०० किलो लिहिलीय. कॅरव्हॅनचं एटीएम ३,२००. मग गिअरबॉक्सवर ताण कसा?

हे एटीएम पैसे देणारं नव्हे, कॅरव्हॅनचं कमाल भरलेलं वजन. त्याबरोबर जीसीएम पाहा, म्हणजे यूट आणि कॅरव्हॅन मिळून चालणारं कमाल वजन. समजा ते ६,००० आहे. कॅरव्हॅनचे ३,२०० गेले, यूटला उरले २,८००. रिकामी यूट २,२००. बुलबार, कॅनॉपी, डिझेल, चार माणसं, फ्रिज धरले की ६०० किलो कधी संपले कळत नाही, आणि त्यावरचा भार गिअरबॉक्सलाच ओढावा लागतो. शिवाय टो बॉलवर (कॅरव्हॅन अडकवायचा गोळा) येणारं ३२० किलोच्या आसपासचं वजन यूटच्या जीव्हीएममध्ये, म्हणजे एकट्या यूटच्या कमाल भरलेल्या वजनात, धरायचं असतं.

जवळच्या वजनकाट्यावर कुटुंबासकट, पाण्याच्या टाक्या भरून जा. ९५ लिटरच्या दोन टाक्या म्हणजेच १९० किलो झाले. मुक्कामाला पाणी मिळणार असेल तर त्या रिकाम्या नेल्या तरी चालतात.