मॅनेज्ड सर्व्हिसेस घेतल्याने कंपनीचं टेक्नॉलॉजी ट्रान्सफॉर्मेशन खरंच सोपं होतं का?

तुम्ही विचारलंय, जुन्या सिस्टिम क्लाउडवर नेताना कंपन्या मॅनेज्ड सर्व्हिसेस (म्हणजे आयटीचं काम करारावर बाहेरच्या कंपनीला देणं) कशा वापरतात आणि त्याचा उपयोग होतो का. होतो. पण बाहेर नेमकं कोणतं काम दिलंय यावर सगळं आहे, आणि तिथेच लोक माती खातात. आम्हीही खाल्ली.

मी एका कंपनीत १४ वर्षं सर्व्हर सांभाळले. विंडोज सर्व्हर २००८ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपणार हे आम्हाला कधीपासून ठाऊक होतं, तरी जाग आली ती शेवटच्या वर्षी. मग एकदम घाई. साहेबांनी एका प्रोव्हायडरशी करार करून टाकला. माझं म्हणणं होतं, त्यांना रोजचं रहाटगाडगं द्या: पॅचिंग (सर्व्हरवर दुरुस्तीचे अपडेट टाकणं), बॅकअप, मॉनिटरिंग, रात्रीचे अलर्ट, पासवर्ड रिसेटची तिकिटं. आणि त्यातून मोकळी झालेली आपली माणसं नव्या कामावर बसवा. साहेबांनी बरोब्बर उलटं केलं. नवं प्लॅटफॉर्म, आर्किटेक्चर, मायग्रेशन सगळं त्यांच्याकडे. आम्ही मात्र जुनी मशीनं बंद पडेपर्यंत राखत बसायचं. जे क्लाउडवर सरकेल ते त्यांचं.

केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आमच्याकडची माहिती त्यांना समजावून देणं, तीन आठवडे चालली. रेकॉर्डिंग झालं, रनबुक (कुठलं काम कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं) झालं, सह्या झाल्या. रिव्हर्स शॅडो, म्हणजे काम त्यांनी करायचं आणि आपण शेजारी बसून बघायचं, तो निदान एका मंथ-एंडपर्यंत चालवा असं मी म्हटलं होतं. दिवस वाचवायला तो भाग प्लॅनमधून काढला.

दुसऱ्याच महिन्यात बिलं निघायची थांबली. रात्री २:१० ला एक शेड्युल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, चालायचा. डिस्पॅचची फाईल उचलून बिलिंगला द्यायचा. तो कधीच नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या अकाउंटवर चालत होता. त्याने तो 'तात्पुरता' केला होता, आणि तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य तुम्हाला माहीत आहेच. प्रोव्हायडरच्या मुलाने सोडून गेलेल्यांची अकाउंट बंद केली. त्याचं काहीच चुकलं नव्हतं, ते काम खरं तर आम्हीच वर्षानुवर्षं केलं नव्हतं. टास्क गप्प झाला. सर्व्हर चालू, डिस्क ठीक, डॅशबोर्ड हिरवागार.

तिसऱ्या दिवशी बिलिंगवाल्यांच्या लक्षात आलं. तिकीट पी-३, म्हणजे कमी तातडीचं, म्हणून लागलं, कारण 'सर्व्हर चालू आहे'. ११ मिनिटांत उत्तर आलं, 'आम्ही बघतोय'. एसएलएमध्ये, म्हणजे करारातल्या सेवेच्या अटींमध्ये, मोजायचं होतं ते एवढंच, रिस्पॉन्स. शेवटी मला बोलावलं आणि पाव तासात सापडलं. यात माझी हुशारी काही नाही. तो टास्क केला जात असताना मी शेजारच्या खुर्चीत होतो, इतकंच.

महिन्याच्या रिपोर्टात अपटाइम ९९.९ टक्के गाठल्याचं लिहिलं होतं. ९९.९ म्हणजे ३० दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. आमची बिलं तीन दिवस बंद होती आणि त्यातलं एकही मिनिट धरलं गेलं नाही, कारण सर्व्हर कधी पडलाच नव्हता. या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात: बाहेरून हिरवा, आत लाल.

म्हणून करार करताना सर्व्हर मोजू नका, बिलं मोजा. 'रोज सकाळी अमुक वाजेपर्यंत बिलं निघाली का', अशी अट घाला. प्रोव्हायडर कुरकुर करेल, करू दे. आणि करार संपताना रनबुक, स्क्रिप्ट, अ‍ॅडमिन अकाउंट कोणाच्या ताब्यात राहणार हे सही करण्याआधी लिहून घ्या.

एक मात्र कबूल करतो. तुमची टीम दोन-तीन जणांची असेल, तर माझं वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा. आठवड्याचे तास १६८. माणूस ४० तास काम करतो असं धरलं, तरी एक खुर्ची दिवसरात्र भरलेली ठेवायला चारच्या वर माणसं लागतात, रजा वेगळ्या. ते घरात परवडत नाही, तिथे बाहेरून घेणंच शहाणपणाचं. त्यांचं पॅचिंगही आमच्यापेक्षा नियमित होतं, खोटं कशाला बोलू.

तो टास्क तू केटीत का नाही सांगितलास, असं साहेबांनी मला भर मीटिंगमध्ये विचारलं. नाही आठवला. १४ वर्षं अंगवळणी पडलेलं, विचारलं म्हणून आठवत नाही. बिघडलं की आठवतं. म्हणूनच केटीच्या आधी मी मेल केला होता, 'सगळ्या शेड्युल्ड टास्कची त्यांच्या अकाउंटसकट यादी करायला मला चार दिवस द्या.' उत्तर आलं होतं, 'डॉक्युमेंटेशन ही प्रोव्हायडरची जबाबदारी आहे.' कंपनी सोडली, पण त्या मेलची प्रिंट अजून माझ्या खणात आहे.