'हारांबे'त अंबा नाही, पण 'बेंडेरा'त दिवाडी आहे

प्रश्न असा आला आहे: "केनियाच्या झेंड्यावर 'हारांबे' लिहिलेलं असतं. रेल्वे बांधायला गेलेले आपले मजूर 'हर अंबे' म्हणत, त्यावरून हा शब्द आला, हे खरं का? आणि तिकडच्या भाषेत झेंड्याला काय म्हणतात?"

आधी दुरुस्ती. केनियाच्या झेंड्यावर एक अक्षरही नाही. काळा, लाल, हिरवा पट्टा, त्यांच्यामध्ये पांढऱ्या रेघा, मधोमध मसाई ढाल आणि तिच्यामागे दोन भाल्यांची फुली, एवढंच. 'हारांबे' आहे राजचिन्हावर. तिथे भाले धरलेले दोन सिंह आहेत, त्यांच्या मधल्या ढालीवर कुऱ्हाड धरलेला कोंबडा, पायाशी माउंट केनिया आणि तिथली पिकं, आणि तळाच्या फितीवर हा शब्द. रंगांचे अर्थ कुठेही मिळतील, त्यात वेळ घालवत नाही.

आता 'हर अंबे'. हा फॉरवर्ड मला वर्षातून चार वेळा येतो आणि दर वेळी चीड येते. अहो, 'हर अंबे' असा जयघोष तुम्ही स्वतः कधी ऐकला आहे का? 'जय अंबे' म्हणतात, 'अंबेमात की जय' म्हणतात, तुळजापुरात 'आई राजा उदो उदो' म्हणतात. 'हर' म्हणजे शंकर, त्याच्यामागे 'महादेव' येतो. आपल्या देवीचा जयघोष आपल्यालाच ओळखता येऊ नये? मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ती रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात झाली. हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले बहुतेक पंजाबचे, आणि त्यांत मुसलमान व शीख भरपूर. ते सगळे एका सुरात अंबेचा गजर करत होते, हे सांगणाऱ्याने जरा विचार करून सांगावं.

हारांबे ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची हाळी आहे. जड वस्तू ओढताना एकाने घालायची आणि बाकीच्यांनी एकदम जोर लावायचा. अर्थ 'चला, मिळून ओढू'. १९६३ साली केनियाचे पहिले पंतप्रधान जोमो केन्याटांनी ती देशाची हाक केली, आणि मग गावाने वर्गणी काढून शाळा बांधली की त्यालाही हारांबेच म्हणू लागले. उच्चार नीट ऐका: हा-रा-म्बे-ए. 'म्ब' हा तिथे एकच ध्वनी, आघात 'म्बे'वर, आणि शेवटचा 'ए' वेगळा ओढलेला. तो शेवटचा 'ए'च सगळं सांगून जातो, असं माझं ठाम मत आहे. मालवणला रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, ओढताना पाहिलं आहे. दोरीला वीस-पंचवीस माणसं, टाचा वाळूत रुतलेल्या, आणि हाळीचा शेवटचा स्वर लांबला की सगळ्यांचे खांदे एकदम मागे. श्वास सोडायला स्वर उघडा आणि लांब लागतो. ओढायच्या हाळ्या म्हणून स्वरावर संपतात, त्याला देवी लागत नाही. तिकडे केनियातल्या काही ख्रिस्ती मंडळींनी याच 'अंबे'च्या कथेवर विसंबून राजचिन्हावरच्या शब्दाला हरकत घेतली आहे. आपल्या फॉरवर्डमधला अभिमान आणि त्यांची हरकत, दोन्ही एकाच चुकीवर उभी आहेत.

पण मला खरं सांगायचं आहे ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल. स्वाहिलीत झेंडा म्हणजे 'बेंडेरा'. हा पोर्तुगीज 'बांदेइरा'. एका गृहस्थांनी भर सभेत सांगितलं की तो आपल्या 'बंदर'वरून आला, कारण झेंडे बंदरावर लागतात. मग शेवटचा 'एरा' कुठून आला? आणि मलायातही झेंड्याला 'बेंडेरा'च म्हणतात, ते का? कारण १५११ पासून मलाक्का पोर्तुगीजांकडे होतं. जिथे त्यांचं निशाण पोचलं तिथे शब्द राहिला. मोंबासाचा फोर्ट जीझस त्यांनी १५९३ साली बांधायला घेतला, १६९८ साली तो ओमानी अरबांनी घेतला, आणि मधली शंभर वर्षं त्या किल्ल्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

म्हणून हा शब्द गोव्यातही सापडतो, आणि तोही काय सुंदर ठिकाणी! मांडवीतल्या दिवाडी बेटावर ऑगस्टमध्ये 'बोंदेरां' साजरा होतो. नाव त्याच बांदेइरावरून. वाड्यांच्या हद्दींचे तंटे होते, पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली, आणि गावकऱ्यांनी ती पाडून टाकली. आजही त्या दिवशी पोरं बांबूच्या नळीची बंदूक करतात आणि तिच्यातून हिरवी फळं फटाफट उडवतात. मोंबासाच्या त्या किल्ल्यातून आलेला दुसरा शब्द: स्वाहिलीत 'गेरेझा' म्हणजे तुरुंग. मूळ पोर्तुगीज 'इग्रेजा', म्हणजे चर्च, गोव्यातली आपली इगर्ज! किल्ल्याच्या तटाआड चर्च आणि कोठडी शेजारी असाव्यात, म्हणून बाहेरच्या माणसाच्या तोंडी एकीचं नाव दुसरीला गेलं, असं मी मानतो. 'हा नुसता ध्वनिसाम्याचा खेळ' म्हणणाऱ्यांनी फोर्ट जीझसचा इतिहास वाचावा: इंग्रजांनी १८९५ पासून १९५८ पर्यंत त्याचा तुरुंगच केला होता.

१२ डिसेंबर १९६३ च्या मध्यरात्री नैरोबीत युनियन जॅक उतरला आणि ढाल-भाल्यांचा झेंडा चढला. लोक त्याला बेंडेराच म्हणत होते. दिवाडीवर पाडलेल्या निशाणाचंही नाव तेच.